रंगसंक्रमण आणि पुसलेली पार्श्वभूमी : अहमदनगर जिल्ह्याच्या दृश्य इतिहासातील दोन प्रतिमा

छायाचित्र-संपादनाच्या संगणकप्रणालीत ग्रेडियंट नावाचे एक साधन असते. दोन रंग निवडावेत, माउस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढावा, आणि मधली सर्व जागा एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू उतरत जाणाऱ्या छटांनी भरून निघावी, एवढेच त्याचे काम. प्रस्तुत निबंधात त्यास रंगसंक्रमण म्हटले आहे. हे साधन तंत्र म्हणून सर्वत्र शिकविले जाते; इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, छायाचित्रावर ओढलेले रंगसंक्रमण रिकाम्या जागेवर कधीच बसत नाही. त्या जागी आधी काहीतरी असते : एखादी भिंत, एखादे झाड, शेजारी उभा असलेला मनुष्य. संक्रमणाने ते झाकले जाते, आणि झाकले गेल्याची खूणही उरत नाही. हा शेवटचा भाग नवा आहे. चित्रातील नकोशी आकृती झाकण्याची प्रथा मात्र या जिल्ह्यात निदान साडेचारशे वर्षे जुनी आहे.

अहमदनगर, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेले अहिल्यानगर, ही निजामशाहीची राजधानी. येथील दरबारात सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात आफताबी या कवीने पहिल्या हुसेन निजामशहाची पद्यमय फारसी प्रशस्ती रचली. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या नावाने ओळखले जाणारे तिचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेली तिची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मूळच्या १४ चित्रांपैकी १२ चित्रे आज उपलब्ध आहेत. दक्खनी चित्रशैलीच्या आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्यांतील रंग ठसठशीत आहेत, पार्श्वभूमी बहुतांशी सपाट आहे. रंगाचा उतार येथे फारसा नाहीच.

या चित्रांचे वैशिष्ट्य एका उणिवेत आहे. हुसेनशहाची बेगम खुंझा हुमायून ही त्याच्या शेजारी सिंहासनावर बसलेली अनेक चित्रांत रंगविली होती. राजाबरोबर राणीचे असे उघड चित्रण मुसलमानी दरबारांच्या चित्रपरंपरेत दुर्मीळच. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, त्याच वर्षी हुसेनशहा वारला. पुत्र मुर्तझा लहान असल्याने कारभार खुंझा हुमायूनच्या हाती आला, आणि १५६९ मध्ये मुर्तझाने तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले. हस्तलिखितातील बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर कोणीतरी पुसली वा रंगाने झाकली. अभ्यासक याचा संबंध या सत्तांतराशी जोडतात. कोणी, कोणत्या दिवशी, कोणाच्या आज्ञेने हे केले याची नोंद नाही. परंतु तिची गरजही नाही, कारण झाकणारा रंग स्वतःच नोंद झाला आहे. राजा एका कुशीस वळून ज्या जागेकडे पाहतो तेथे डाग आहे. त्या डागावरूनच तेथे राणी होती हे आपणास समजते. भौतिक रंगाची ही मर्यादा इतिहासाच्या पथ्यावर पडली : रंगावर रंग चढविला तरी खालचा थर, त्याची कड, त्याचा खडबडीतपणा कायम राहतो.

आता रंगाच्या उताराकडे वळू. गडद छटेतून फिक्या छटेत जाणे ही कल्पना भारतीय चित्रविद्येस अपरिचित नव्हती. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायांकनास ‘वर्तना’ असे नाव असून तिचे पत्रजा, ऐरिक आणि बिंदुजा असे तीन प्रकार सांगितले आहेत. पत्रजा म्हणजे पानावरील शिरांसारख्या रेषांनी केलेले छायांकन, ऐरिक अतिसूक्ष्म, आणि बिंदुजा म्हणजे ठिपक्यांनी साधलेले. पुढील विवेचनासाठी तिसरा प्रकार महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य मुद्रणतंत्र एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आले, तेव्हा छटांचा उतार साधण्याचा त्याचाही मार्ग ठिपक्यांचाच होता. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड असे. देवीच्या गालावरील गुलाबी छटा विरळ होत जावी, यासाठी कारागीर त्या दगडावर तेलकट शाईचे ठिपके दाट ते विरळ असे हाताने टिपत असे. ब्लॉक आणि ऑफसेटच्या छपाईत हे काम जाळीदार काचेने व पुढे फिल्मने केले. ठिपका कायम राहिला, टिपणारा हात तेवढा गेला.

रविवर्मा यांच्या छापचित्रांबाबत एक बाब सहसा नजरेतून सुटते. त्यांची सरस्वती पाण्याकाठच्या खडकावर बसते. लक्ष्मी कमळांनी भरलेल्या तळ्यात उभी असते. देवता आहेत, पण त्या एका ठिकाणी आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास, कॅलेंडरांचा सुकाळ झाला तेव्हा, हे ठिकाण विरत गेले. रंगाचा फवारा मारणारे एअरब्रश नावाचे यंत्र चित्रकारांच्या हाती आले होते. महाराष्ट्रात रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या चित्रांतील तुकतुकीत, धुक्यासारखी रंगयोजना ही या तंत्राची सर्वांत लोकप्रिय ओळख होय. कुंचल्याला कड असते, फवाऱ्याला नसते. आपल्या देवघरातील पितळी प्रभावळही कड असलेली वस्तू आहे, नक्षीकाम केलेली, घासून लख्ख करता येणारी. कॅलेंडरातील देवाच्या मस्तकामागे मात्र कड नसलेला उजेड आला : मध्यभागी पांढरा, मग पिवळा, मग नारिंगी, शेवटी निळ्यात हरवणारा. संगणकावरील वर्तुळाकार रंगसंक्रमण, म्हणजे रेडियल ग्रेडियंट, ही याच प्रभामंडळाची गणिती आवृत्ती आहे.

हा सर्व प्रवास ज्या एका प्रतिमेत एकवटलेला दिसतो ती याच जिल्ह्यातील आहे. राहाता तालुक्यातील शिर्डीच्या साईबाबांचे १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीस, निर्वाण झाले. त्यांची मोजकीच कृष्णधवल छायाचित्रे उपलब्ध आहेत. आज दुकानांत, रिक्षांत, रुग्णालयांच्या प्रवेशद्वारांशी आणि परदेशातील मराठी घरांत दिसणाऱ्या त्यांच्या असंख्य रंगीत तसबिरींचे मूळ या मोजक्या छायाचित्रांत व त्यांच्या आधारे काढलेल्या चित्रांत आहे. तसबिरीचे पूजन त्यांच्या हयातीतच सुरू झाले होते. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त मेघा हा भक्त नानासाहेब चांदोरकरांनी दिलेल्या बाबांच्या तसबिरीची पूजा करीत असल्याचा उल्लेख आहे, १९१७ च्या होळीस खुद्द दाभोळकरांच्या वांद्र्याच्या घरी बाबांची प्रतिमा कशी आली, याचीही कथा तेथे येते. प्रतिमा गावाबाहेर पडली होती आणि तिचे स्वतंत्र आयुष्य सुरू झाले होते. १९५४ साली, पुन्हा विजयादशमीसच, म्हणजे ७ ऑक्टोबर रोजी, मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली संगमरवरी मूर्ती समाधिमंदिरात बसविण्यात आली. तिचा आधारही कृष्णधवल छायाचित्र हाच होता. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या हिंदी चित्रपटात मूर्तीच्या नेत्रांतून ज्योती निघून अंध मातेच्या डोळ्यांत शिरतात. प्रतिमेतून उजेड बाहेर पडतो ही कल्पना तोवर प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेली होती.

मूळ छायाचित्रांत काय आहे ते पाहणे उद्‌बोधक ठरेल. एका छायाचित्रात बाबा द्वारकामाईच्या भिंतीस टेकून उभे आहेत; भिंत साधी, वापरातली. दुसरे सर्वपरिचित छायाचित्र लेंडीकडे जातानाचे आहे. बाबांच्या डोक्यावर छत्री धरलेली आहे, सोबत माणसे आहेत. छत्री धरणारा मनुष्य भागोजी शिंदे, अशी त्याची ओळख परंपरेने सांगितली जाते. सच्चरितातील भागोजी हा महारोगाने पीडित होता. १९१० च्या दिवाळीत बाबांनी धुनीत हात घातला व तो भाजला. लोहाराचे मूल भट्टीत पडत होते, त्यास वाचविण्यासाठी, असे त्यांनी सांगितल्याची कथा आहे. त्या भाजलेल्या हाताची रोज शुश्रूषा करीत असे तो भागोजी, आणि लेंडीस जाताना छत्री धरीत असे तोही भागोजीच. ज्या काळी महारोग्यास गावकुसाबाहेर बसावे लागे, त्या काळात तो एका सर्वमान्य पुरुषाच्या खांद्यास खांदा लावून कॅमेऱ्यासमोर आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या छायाचित्रातील सर्वांत बोलका भाग कोणता असेल, तर तो ही छत्री व ती धरणारा हात.

बाजारातील तसबिरीत हा हात नाही. बाबांची आकृती कडेने कापून घेतली जाते, मागे निळे वा केशरी रंगसंक्रमण, मस्तकामागे वर्तुळाकार तेज. असे करणाऱ्या कारागिराचा हेतू भक्तीचाच असतो, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. देवतेस स्थळकाळातून मोकळे करणे हे उपासनेच्या प्रतिमेचे कामच आहे. परंतु परिणाम मात्र निजामशाही चित्रातल्यासारखाच होतो. तेथे राजाच्या शेजारची राणी गेली, येथे बाबांच्या शेजारचा भागोजी गेला. फरक असा की राणीच्या जागी डाग उरला. भागोजीच्या जागी नितळ आकाश आहे.

रंगाच्या बाबतीतही असेच घडले. तसबिरींत बाबांची कफनी कधी पांढरी, कधी भगवी, कधी सोनेरी किनारीची दिसते. कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ठरविता येत नाही असे सरधोपटपणे म्हटले जाते, ते पूर्ण खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी सर्रास वापरल्या जाणाऱ्या छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशास अधिक व तांबड्यास जवळपास मुळीच प्रतिसाद देत नसत. सर्व रंगांस संवेदनशील अशा पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या, तरी त्या सर्वत्र रुळण्यास बराच काळ लागला. जुन्या काचेवर गडद भगवे वस्त्र काळपट उमटावयास हवे. छायाचित्रांत कफनी उजळ आहे. म्हणजे तसबिरीतील भगवा हा छायाचित्रातून आलेला नसून छायाचित्रावर चढलेला आहे, असे अनुमान करण्यास जागा आहे, आणि पांढऱ्या कफनीच्या आठवणींशी ते जुळते. फकीर की संन्यासी, मशीद की मंदिर, या वादांत ज्याला-त्याला प्रतिमेचा हवाला द्यावासा वाटतो. त्या हवाल्यापूर्वी रंग कोणत्या टप्प्यावर भरला गेला हे तपासणे अगत्याचे आहे.

हाताने रंगविलेल्या छायाचित्रात ही तपासणी शक्य असते. पूर्वी स्टुडिओत पातळ, पारदर्शक रंग छायाचित्राच्या कागदावर कापसाने वा बारीक कुंचल्याने चढवीत. तिरप्या उजेडात धरले की रंगाचा थर चमकतो, ओठांवरचा तांबडा किंचित रेषेबाहेर गेलेला दिसतो. अंधाऱ्या खोलीत छाप काढताना मध्यभागी भोक पाडलेला पुठ्ठा कागदावर हलवीत ठेवून कडा पांढऱ्यात विरघळविण्याची युक्ती होती. तिला विनेट म्हणत. रंगसंक्रमणाचा हा अगदी जवळचा पूर्वज. पण मूळ काच कपाटात जपलेली असे, आणि तिच्यात भिंत शाबूत असे.

१९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थी थॉमस नोल याने कृष्णधवल छटा संगणकाच्या पडद्यावर दाखविणारी एक छोटी प्रणाली लिहिली. बंधू जॉन याच्या साहाय्याने तिचा विस्तार झाला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने ती फोटोशॉप या नावाने बाजारात आणली. छटा दाखविण्याच्या प्रश्नातूनच या प्रणालीचा जन्म झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर, म्हणजे लेयर, ही सोय आली. आकृती एका थरावर, पार्श्वभूमी दुसऱ्यावर.

संगणक संक्रमण कसे घडवितो, हे थोडक्यात पाहू, कारण त्याच्या चुकांतच त्याचा माग लागतो. प्रत्येक चित्रबिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन अंकांनी नोंदला जातो. सामान्यतः प्रत्येक अंक ० ते २५५ या दरम्यान असतो. दोन टोकांच्या अंकांमधील अंतर जागेच्या प्रमाणात वाटून दिले की संक्रमण तयार होते. ते वाटप पूर्णांकांतच करावे लागते, आणि इथेच अडचण येते. समजा, १० फूट रुंदीचा फलक इंचास ७२ चित्रबिंदू या हिशेबाने केला. एकूण ८६४० बिंदू झाले. सोयीसाठी एकाच रंगाचा विचार करू. गडद निळ्यापासून फिक्या निळ्यापर्यंत त्याच्या ६० पायऱ्या असतील, तर प्रत्येक पायरीच्या वाट्यास १४४ बिंदू, म्हणजे पूर्ण २ इंचांचा पट्टा येतो. आकाश उतरत जाण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांचे दिसू लागते. डोळा या पट्ट्यांच्या कडा असतात त्याहून ठळक करून पाहतो, हे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख याने १८६५ मध्येच दाखवून दिले होते. यावरील उपाय गमतीचा आहे. प्रणाली कडांपाशी दोन्ही छटांचे ठिपके एकमेकांत विखरून टाकते. म्हणजे चित्रसूत्रातली बिंदुजा वर्तनाच, फक्त ठिपके टिपणारे यंत्र आहे.

हे विखुरणे न केलेली, पट्टे पडलेली आकाशे आपल्या तालुक्यांच्या गावांतील फ्लेक्स-फलकांवर रोज दिसतात. तेथील दुकानांत कोरलड्रॉ या प्रणालीतील फाउंटन फिल हे संक्रमण अधिक प्रचलित आहे. वाढदिवस, निवड, पुण्यस्मरण. प्रसंग कोणताही असो, रचना तीच : कापून घेतलेली माणसे, मागे संक्रमण. उत्सवमूर्ती मोठी, शुभेच्छुक लहान गोलांत. कोणीच कोठेही उभे नाही. एखाद्या साखर कारखान्याच्या संस्थापक-सभासदाचे जुने छायाचित्र पुण्यतिथीच्या फलकासाठी दुकानात जाते, तेव्हा त्याच्या मागचा गव्हाणीजवळचा गर्दीचा देखावा, बैलगाड्या, डोक्याला फडके बांधलेले मजूर ‘स्वच्छ’ केले जातात. स्वच्छ हा त्या धंद्यातला शब्द आहे. फलक आठवड्याने उतरतो. पण त्यासाठी केलेली प्रत हीच पुढे मोबाइलवरून फिरते, स्मरणिकेत छापली जाते, आणि मूळ छाप घरच्या ट्रंकेत वाळवीच्या तोंडी जाते. थर असलेली मूळ संगणक-फाइल दुकानदार बहुधा ठेवीत नाही. सर्व थर एक करून पाठविलेल्या चित्रात खालचे काहीच नसते; खरवडून पाहावे असा रंगच तेथे नाही, केवळ अंक आहेत, आणि जुने अंक नव्यांनी बदललेले आहेत. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने पार्श्वभूमी भरण्याची सोय आल्याने प्रश्न अधिक बिकट झाला आहे. संक्रमण निदान आपले कृत्रिमपण लपवीत नाही. नव्याने निर्माण केलेली भिंत खऱ्या भिंतीसारखीच दिसते.

जिल्ह्याचा विसाव्या शतकातील इतिहास लिहिणाऱ्यास कागदपत्रांची वाण नाही, परंतु ज्यांनी कागद लिहिले नाहीत त्यांचे अस्तित्व अनेकदा छायाचित्रांच्या कडेलाच आढळते. १९५० मध्ये उत्पादन सुरू केलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा, दुष्काळी कामांचा, शाळा-महाविद्यालयांच्या पायाभरणीचा इतिहास या दृष्टीने पाहावयास हवा. संस्थापकांची नावे कोनशिलेवर असतात. घमेले उचलणाऱ्या बाईचे नाव कोठेच नसते, ती मात्र चित्रात असते, डावीकडे, अर्धी कापलेली.

आपल्या महाविद्यालयांचे सुवर्णमहोत्सव व अमृतमहोत्सव आता एकापाठोपाठ येत आहेत. स्मरणिकांसाठी जुनी छायाचित्रे जमा होतील, ती छपाईकडे जातील, आणि ‘जरा उठावदार’ करून परत येतील. इतिहास विभागाने ती जाण्यापूर्वीच हाती घ्यावीत, असे प्रस्तुत लेखकास सुचवावेसे वाटते. छायाचित्र कडांसकट, चौकटीसकट, न सुधारता स्कॅन करावे. टिफ स्वरूपात, प्रत्येक रंगास १६ बिट देऊन ठेवावे, म्हणजे छटांच्या पायऱ्या २५६ वर अडत नाहीत. सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने असावी, आणि तिच्याखाली पार्श्वभूमी बदलल्याची नोंद छापावी. छायाचित्राची मागील बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि उभ्या-बसलेल्यांची नावे पुष्कळदा तेथेच, शिसपेन्सिलीने लिहिलेली असतात.